वाक्य संपेपर्यंत

आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये आक्काकडे कुणाला कधी काही मागावं लागलं नाही. मागायची वेळच ती येऊ द्यायची नाही. सर्जनचे डोळे जखमेत असायचे, तोंडातून नुसतं “अं…” निघायचं, की उघड्या पंजावर हवं ते अवजार टेकलेलं असायचं, तेही नीट मुठीकडून. नवीन डॉक्टर आधी दचकायचे आणि मग आळशी व्हायचे. आमचे मोठे सर तर इतके आळशी झाले होते की त्यांना अवजारांची नावंच आठवेनाशी झाली होती. आक्का रजेवर असली की माझ्यापुढे हात पसरून म्हणायचे, “ते दे गं, ते… वाकडं.” मीही मुद्दाम विचारायची, “कुठलं सर? इथे सगळीच वाकडी आहेत.”

मी त्याच थिएटरमधली दुसरी सिस्टर. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सासू म्हणते आणि त्या बाबतीत तिचं माझं एकमत आहे. आक्काचं सगळं उलट. ती कमी बोलायची, कारण दुसऱ्याचं अर्धं बोलणं तिला पुरायचं.

घरीही तेच. घर म्हणजे बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत आईचा पलंग. कमरेचं हाड मोडल्यापासून आई त्या पलंगावरून उठलेली नाही. पलंगाला लागून आक्काची घडीची खाट. बाहेर धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांचा टीव्ही. सकाळी ड्यूटीला निघायच्या आधी आईचं अंग पुसणं, चादर बदलणं, भांडं साफ करणं आक्काचं. परत आल्यावर पुन्हा तेच. मधल्या वेळेला एक बाई यायची, तिचा पगारही आक्काच द्यायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या घरात कुणी कुणाला पूर्ण वाक्यात काही सांगतच नसे. भाऊ म्हणायचा, “आक्का, आईचं औषध…” आणि ती चपला घालायची. भावजय म्हणायची, “आज माझं डोकं जरा…” आणि आक्का कणीक मळायला घ्यायची.

तिनं लग्न का केलं नाही म्हणाल, तर तोही प्रश्न कुणी पुरा विचारला नाही. “आता तुझ्या लग्नाचं…” एवढंच आई एकदा म्हणाली होती. तेव्हा धाकट्याचं शिक्षण चालू होतं. आक्काच म्हणाली, “बघू पुढे.” झालं. पुढे कुणी बघितलं नाही.

एकदा भावाच्या ऑफिसातले लोक घरी आले होते. आक्का आत आईला कुशीवर वळवत होती. बाहेरून कुणीतरी विचारलं, आईचं फार करावं लागत असेल ना तुम्हाला? भाऊ म्हणाला, “छे हो, काही टेन्शन नाही. घरातच नर्स आहे आमच्याकडे.”

दुसऱ्या दिवशी अवजारं पुसता पुसता तिनं मला हे सांगितलं. “‘बहीण आहे’ असं नाही म्हणाला गं. ‘नर्स आहे’ म्हणाला.” एवढंच बोलली आणि कात्र्या मोजून ट्रेमध्ये लावायला लागली. माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, “मग नर्स आहेस तर नर्ससारखी वाग! ड्यूटी संपली की घरी जा!” ती हसली. म्हणाली, “घरी म्हणजे कुठे?”

त्याच सुमाराला आमच्या नोटीस बोर्डावर कागद लागला. जर्मनीतल्या हॉस्पिटलांना थिएटरच्या सिस्टर हव्या होत्या. राहायला स्वतंत्र खोली मिळणार होती. अट एकच, जर्मन भाषेची परीक्षा पास व्हायची. आक्का त्या कागदासमोर बराच वेळ उभी राहिली. चाळिशी उलटलेली बाई, नर्सिंगच्या कोर्सनंतर पुस्तक हातात धरलेलं नाही. मला म्हणाली, “खोलीला किल्ली असेल ना गं?” मला हसावं का रडावं कळेना. आयुष्यात पहिल्यांदा या बाईला स्वतःसाठी काहीतरी हवं होतं, आणि ते म्हणजे एक किल्ली.

तिनं नाव दिलं. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणून मीही दिलं.

क्लास एका वेल्डिंगच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. शिकवणाऱ्या बाई पूर्वी कुठल्याशा यंत्रांच्या कारखान्यात दुभाषी होत्या. सगळ्यांना एकाच मापानं झापायच्या. सुरुवातीचे महिने बरे गेले. मग आले क्रियापदांचे उपसर्ग, आणि आमची गाडी रुतली.

बाई म्हणाल्या, “शाळेत आहार, विहार, प्रहार, संहार घोकलंत ना? मूळ शब्द हार, पुढे काहीतरी चिकटलं की अर्थ बदलतो. इथेही तसंच. श्टेहेन म्हणजे उभं राहणं. आउफश्टेहेन म्हणजे उठणं. फेरश्टेहेन म्हणजे समजणं. बेश्टेहेन म्हणजे परीक्षा पास होणं, जे तुमच्यातल्या निम्म्यांना जमणार नाही.” इथवर ठीक होतं. पण आपले उपसर्ग शिस्तीचे, एकदा चिकटले की चिकटले. तिकडचे काही चिकटून राहतात आणि काही वाक्यात घेतले की क्रियापदाला सोडून पळतात आणि थेट वाक्याच्या शेवटी जाऊन उभे राहतात. आमच्या वॉर्डबॉयसारखे. कामाच्या वेळी पत्ता नाही, सुट्टी व्हायच्या वेळी दारात हजर.

बाईंनी उदाहरण दिलं. माखेन म्हणजे करणं. आउफ लागलं की उघडणं, त्सू लागलं की लावणं. “आता मी एक वाक्य बोलते. ऐकून तसं करा.” आणि सावकाश म्हणाल्या, “माखेन झी बिटे दास फेन्स्टर…” फेन्स्टर म्हणजे खिडकी. खालून वेल्डिंगचा आवाज नुसता कानात घुसत होता आणि खिडकी अर्धी उघडी होती. बाईंचं वाक्य संपायच्या आत आक्का उठली, खिडकीपाशी गेली आणि धाडकन लावून मोकळी झाली.

“…आउफ!” बाई ओरडल्या. “पूर्ण उघडा म्हणत होते मी! गुदमरतंय मला!”

क्लास हसून हसून लोळला. आक्का खिडकीच्या कडीवर हात ठेवून उभी. बाई म्हणाल्या, “तुम्हाला कुणी सांगितलं मला काय हवंय ते?” आक्का म्हणाली, “आवाज येत होता… मला वाटलं…” बाई म्हणाल्या, “वाटून घ्यायचं नाही. ही भाषा शेवटच्या शब्दापर्यंत कुणाला काही कळू देत नाही. ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्या. वाक्य संपेपर्यंत हात जागेवर.”

सुटणारे कुठले आणि चिकटणारे कुठले हे ओळखायची खूणही बाईंनी सांगितली. बोलताना ज्या उपसर्गावर जोर येतो तो सुटतो. ज्याच्यावर जोर नसतो तो चिकटून राहतो, मरेपर्यंत. जिना उतरताना आक्का म्हणाली, “घरात माझ्यावर कधी जोर आलाच नाही बघ. म्हणून चिकटले.” मी म्हटलं, “गप बस. व्याकरणाचं व्याकरणात ठेव.”

पहिल्या परीक्षेत आम्ही दोघीही आपटलो. मी सगळ्यातच आपटले, त्यात नवल नाही. मी क्लास सोडला. आक्का लिहिण्यात, वाचण्यात, बोलण्यात पास आणि फक्त ऐकण्यात नापास. ऐकण्यात! जिला लोकांचं न बोललेलं ऐकू यायचं ती! झालं होतं असं की रेकॉर्डिंगमध्ये डॉक्टर सोमवारच्या अपॉइंटमेंटबद्दल काहीतरी सांगत होता. झागेन म्हणजे सांगणं. शेवटी त्सू आलं तर होकार, आब आलं तर रद्द. आक्कानं आवाजावरून ओळखलं की डॉक्टर दमलेला आहे, म्हणजे रद्दच करणार, आणि वाक्य संपायच्या आधी खूण करून टाकली. डॉक्टर दमलेला होता, पण येणार होता. अशा कितीतरी खुणा चुकल्या होत्या.

मग तिनं सरावाला मलाच बसवलं. डबा खायच्या सुट्टीत मी पुस्तकातली वाक्यं माझ्या मोडक्या उच्चारात वाचायची आणि ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. “असंच ठेवायला लागतं गं, नाहीतर आपोआप उठतात,” म्हणायची. मी मुद्दाम शेवटचा तुकडा लांबवायची. तिच्या चेहऱ्यावर अगदी खाज सुटल्यासारखं दिसायचं. पण थांबायची. हळूहळू जमायला लागलं.

त्याचा परिणाम असा झाला की एकदा मोठ्या सरांनी हात पसरून “अं…” केलं आणि त्यांचा हात तसाच रिकामा राहिला. आक्का अवजारांच्या ट्रेशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. सरांनी मान वर केली. “आक्का? अगं… ते…” ती तशीच उभी. शेवटी त्या माणसाला तोंड उघडून नाव घेऊन क्लॅम्प मागावा लागला. तो तिनं तत्काळ दिला. पेशंटला काही झालं नाही, पण बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, “हिला काय झालंय? घरी काही प्रॉब्लेम आहे का?” मी म्हटलं, “प्रॉब्लेम सुटतोय सर.”

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. ऐकण्यात सगळ्यात जास्त मार्क. तिकडून नेमणूकही आली.

त्या संध्याकाळी मी केक घेऊन तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. भाऊ क्लासच्या काळात काही बोलला नव्हता. या वयात कसली परीक्षा पास होतेय, असं त्याला वाटत असणार. आता पत्र टेबलावर बघून त्याचा चेहरा पडला. भावजयीनं केक कापला, तुकडे बशीत घातले, एक बशी आत आईला दिली. आतलं दार उघडंच होतं. आईच्या चमच्याचा बशीवर आवाज येत होता.

भाऊ म्हणाला, “छान झालं, आक्का. पण मग आईचं…”

आणि थांबला. सवयीनं थांबला. इथपर्यंत त्यानं बोलायचं आणि पुढचं आक्कानं उचलायचं, असंच तर चालत आलं होतं. आक्का म्हणणार होती, “खरंच की. राहू दे, नाही जात मी.” भाऊ त्याची वाट बघत होता. भावजय वाट बघत होती. मला तर शंका आहे, आत आईही वाट बघत होती.

आक्कानं दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले. मी पाहिलं.

“म्हणजे मला काय म्हणायचंय,” भाऊ म्हणाला, “तू गेलीस तर आईला…” पुन्हा थांबला. बायकोकडे बघितलं. बायको केककडे बघत होती, जणू त्याच्यावर उत्तर लिहिलेलं होतं. माझी जीभ वळवळत होती. आयत्या बिळावरचा हा नागोबा, चांगला ठेचावासा वाटत होता. पण आक्कानं माझ्याकडे असं बघितलं की मी मूग गिळले. ती धाकट्याच्या तोंडाकडे बघत होती, अगदी परीक्षेत बसल्यासारखी. रागानं नाही. वाटच बघत होती. तो दोनदा खाकरला, पाणी प्यायला. ती हलली नाही.

मग तो चिडला. कोंडलेला माणूस चिडतोच. “स्पष्टच सांगतो. आम्हाला नाही जमणार. तिचं हगणं-मुतणं हिला जमणार नाही आणि मला तर नाहीच नाही. तू गेलीस तर तिला कुठेतरी संस्थेत ठेवावं लागेल. आम्ही तिला ठेवून घेणार नाही.”

आतला चमच्याचा आवाज थांबला.

आक्कानं विचारलं, “झालं तुझं बोलून?”

“झालं.”

“बरं,” ती म्हणाली. “मग चांगली जागा मी बघते.”

मेल्याला हायसं वाटलं, ते मला स्पष्ट दिसलं. त्यानं केकचा दुसरा तुकडा घेतला.

जिन्यापर्यंत ती मला सोडायला आली. म्हणाली, “मला वाटत होतं गं, स्वतःच्या तोंडानं म्हणायची वेळ आली की त्याला लाज वाटेल. शेवटच्या शब्दाला वळवेल. ‘आम्ही बघू’ म्हणेल. मी अगदी शेवटच्या शब्दापर्यंत थांबले होते.” आई आल्यागेल्याला सांगायची, माझा मुलगा मला सांभाळतो. इतकी वर्षं ते खोटं आक्कानं दुसऱ्यांची वाक्यं अर्ध्यात तोडून जिवंत ठेवलं होतं. ज्या दिवशी तिनं तोडलं नाही, त्या दिवशी खरं काय ते आईच्या कानावर जाऊन आदळलं.

आई त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. बशी मात्र अर्धी तशीच परत आली होती, असं आक्कानं नंतर सांगितलं.

जागा आक्कानं शोधली. स्वच्छ होती, खोटं का बोला. दोन पलंगांची खोली, लोखंडी कपाट, एक मोठी खिडकी. शेजारच्या पलंगावरची म्हातारी सारखी झोपलेली असायची. पगार सुरू झाला की तिथलं सगळं आक्काच भागवणार होती. भावानं फक्त सामान हलवायला टेम्पो बोलावला आणि ड्रायव्हरला वाट सांगितली. तेवढं कर्तव्य केलं बिचाऱ्यानं.

निघायच्या दिवशी ती विमानतळावर जाता जाता आईला भेटायला गेली. मी बरोबर होते, तिची एक बॅग माझ्या हातात. तिनं आईची उशी सारखी केली, पायांवरची चादर ताणली, नखं बघितली. तिथल्या सेविकेला आईला कसं वळवायचं ते पुन्हा दाखवलं. मग वाकून म्हणाली, “आई, येते.”

आईनं तिचं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं. म्हणाली, “आक्के, मला तुझी…”

आणि थांबली.

आक्का थांबली. पूर्वीची आक्का असती तर आईचा श्वास पुरा व्हायच्या आत म्हणाली असती, “हो गं, कळलं, काळजी नको करूस,” आणि दोघींचं काम झालं असतं. पण ती तशीच वाकून राहिली, आईच्या ओठांकडे डोळे लावून. आईचे ओठ हलत होते. आई तिच्याकडे बघत होती, आपलं बाकीचं तिनं उचलून घ्यावं म्हणून, जसं ती आयुष्यभर घेत आली होती. खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मी मागून बघत होते. बोल की गं बाई, बोल की, असं मला दोघींनाही ओरडून सांगावंसं वाटत होतं.

आईनं मनगट सोडलं. तोंड खिडकीकडे वळवलं. “जा,” म्हणाली, “गाडी थांबलीय.”

टॅक्सीत आक्का पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. “मी थांबले होते गं. नीट थांबले होते ना?” मी म्हटलं, थांबली होतीस.

आता ती रविवारी दुपारी फोन करते. तिकडे तिचं चांगलं चाललंय. खोलीला किल्ली आहे, ती गळ्यात अडकवून झोपते म्हणे. डॉक्टर पूर्ण वाक्यात अवजार मागतात, वर प्लीज म्हणतात, दिलं की थँक्यू म्हणतात. तिच्यावर खूष आहेत. हे सगळं ती भराभर सांगते, आणि मग आवाज बदलतो. “काय म्हणणार होती गं ती? मला तुझी… काय?”

“काळजी वाटते! दुसरं काय असणार?” मी म्हणते.

“की आठवण येईल?”

“तेच ते.”

“की चीड येते? सोडून चाललीस म्हणून? की लाज वाटते?”

“वेडी आहेस का!” मी खेकसते. पण मला तरी कुठे ठाऊक आहे? पुढच्या रविवारी पुन्हा तेच. शेवटी म्हणाली, “तू जाऊन विचार. तुला कुणाची भीडभाड नाही. सरळ विचार, आणि ती म्हणेल ते शब्द न् शब्द मला सांग.”

मी गेले. आई खिडकीकडे तोंड करून पडली होती. बारीक झालीय. भाऊ येतो का विचारलं, तर म्हणाली, “त्याला काम असतं.” मी तिच्या पलंगावर बसले आणि सरळच विचारलं, “आई, आक्का निघाली त्या दिवशी तुम्ही म्हणालात, मला तुझी… आणि थांबलात. पुढे काय म्हणायचं होतं?”

तिनं माझ्याकडे बघितलं. मीच खुळी असल्यासारखं बघितलं.

“त्यात काय सांगायचंय?” म्हणाली. “तिला ठाऊक आहे. तिला न सांगता कळतं सगळं. लहानपणापासून.”

“तरी पण, काय म्हणायचं होतं?”

“तिलाच विचार,” आई म्हणाली. “ती सांगेल.” आणि पुन्हा खिडकीकडे वळली. त्या चेहऱ्यावर, देवाशपथ सांगते, जरासं समाधान होतं.

रविवारी फोन आला. मी शब्द न् शब्द सांगितला, स्वतःच्या पदरचं काही घातलं नाही. पलीकडून काही आवाज येईना. एरवी मी अशा वेळी काहीतरी बडबडून जागा भरते. त्या दिवशी मी थांबले.

बऱ्याच वेळानं आक्का म्हणाली, “कळायचं गं. आता नाही कळत.”

मग म्हणाली, सकाळची ड्यूटी आहे, आणि फोन ठेवला.